वारंवार धाप लागते, थकवा जात नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येतात: कारणाचा शोध कसा घ्यावा

थोडे चालले तरी धाप लागते, दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते, आणि रिपोर्टमध्ये मात्र काहीच सापडत नाही, असे झाले की माणूस स्वतःच्याच त्रासाविषयी साशंक होऊ लागतो. वास्तविक बहुतेक प्राथमिक तपासण्या आपण शांत बसलेले किंवा आडवे असताना होतात, आणि त्रास होतो तो जिना चढताना, पहाटे किंवा एखाद्या बेसावध क्षणी. त्यामुळे तो नेमका कधी आणि कसा होतो हे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हा या शोधाचा कणा आहे.

त्याआधी एक खबरदारी. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे किंवा दडपण येणे, शुद्ध हरपणे, ओठ निळसर पडणे, खोकल्यातून रक्त येणे, किंवा एका पायाला सूज येऊन अचानक दम लागणे, यांपैकी काहीही घडल्यास नोंदी करत बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंदवही

‘खूप थकवा येतो’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती फारसे लागत नाही. त्याऐवजी अशी नोंद करावी: ‘मंगळवार, सकाळी ७:४०. दुसऱ्या मजल्यावर जाताना अर्ध्या जिन्यात थांबावे लागले. नाडी १२४, पूर्ववत व्हायला ६ मिनिटे. छातीत दुखले नाही, श्वासात शिट्टीसारखा आवाज नाही.’ सहा महिन्यांपूर्वी सहज होणारे कोणते काम आता जमत नाही, हेही लिहावे.

वेळ आणि स्थिती यांतून बरेच कळते. आडवे पडल्यावर दम लागणे, किंवा झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी घुसमटून जाग येणे, हे हृदयाकडे बोट दाखवते. पहाटेचा खोकला आणि छातीतील घरघर दम्याकडे नेते. धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, तर हृदयाचे ठोके तपासायला हवेत. श्रम केल्यावर त्याच वेळी नव्हे, तर दुसऱ्या दिवशी अंग गळून जात असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण हा तपशील सहसा कोणी विचारत नाही.

बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर असल्यास बसून एकदा आणि चालून आल्याबरोबर पुन्हा एकदा आकडा पाहावा. बोटे गार असतील किंवा नखांना रंग लावलेला असेल तर तो चुकू शकतो. गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो.

दुसरी पायरी: पहिली भेट

चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकरसारख्या काही औषधांनीही थकवा येतो; अर्थात ती मनाने बंद करू नयेत. धूम्रपान, कामाच्या ठिकाणची धूळ, पाळलेले पक्षी, मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव, घोरणे, अलीकडचा कोविड, आणि कुटुंबात कमी वयात झालेला आकस्मिक मृत्यू, हे न विचारता सांगावे.

सुरुवातीला साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, मूत्रपिंड आणि साखर यांच्या रक्ततपासण्या, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) होते. हृदयावर ताण आहे का, हे पाहण्यासाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी उपयोगी पडते.

तिसरी पायरी: ‘नॉर्मल’ म्हणजे काय, हे विचारणे

इथेच बहुतेकांचा शोध अडतो, म्हणून प्रत्येक रिपोर्टबाबत एकच प्रश्न विचारावा: या तपासणीने नेमके काय नाकारले गेले? त्रास आठवड्यातून एकदा होत असेल, तर चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रामध्ये तो सापडेलच असे नाही; अशा वेळी जास्त दिवस लावून ठेवायच्या यंत्राविषयी विचारावे. दम्याच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात स्पायरोमेट्री निर्दोष येऊ शकते; म्हणून श्वास सोडण्याचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर रोज सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे फुंकर मारून आकडे लिहिणे उपयुक्त ठरते. हिमोग्लोबिन पुरेसे असूनही शरीरातील लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिनवरून कळतो. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे आकुंचन उत्तम दिसले, तरी हृदय ताठर झाल्यामुळे श्रमाच्या वेळी दम लागू शकतो. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत अडकलेल्या जुन्या गुठळ्या एक्स-रेवर दिसत नाहीत. त्यांचा संशय असल्यास वेगळा स्कॅन करावा लागतो.

प्राथमिक तपासण्यांतून उलगडा झाला नाही, तर सायकल किंवा ट्रेडमिलवर हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची एकत्रित परीक्षा घेणाऱ्या कार्डिओपल्मोनरी व्यायाम चाचणीविषयी विचारावे. श्रम चालू असतानाच मोजमाप होत असल्याने ती माझ्या मते सर्वांत बोलकी आहे.

‘टेन्शन आहे’ असे सांगितले गेल्यास

ते खरेही असू शकते, आणि त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. श्वसनाची लय बिघडल्याने पूर्ण श्वास घेतल्याचे समाधान न मिळणे आणि बोटांना मुंग्या येणे हा खरा, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या मदतीने सुधारणारा त्रास आहे. मात्र हे निदान कशाच्या आधारे केले, हे नम्रपणे विचारावे. दुसऱ्या दिवशी अंग गळून जाणाऱ्या रुग्णाला तर ‘व्यायाम वाढवा’ हा सरधोपट सल्ला त्रासदायक ठरू शकतो. त्याने तो पाळण्यापूर्वी नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवावी.

निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख आणि कोणते बदल दिसल्यास त्याआधी यायचे, हे लिहून घ्यावे. दुसरे मत घ्यायचे ठरल्यास सर्व रिपोर्ट तारखेनुसार लावून, वर एका पानाचा गोषवारा जोडावा, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.