प्लेटलेट वाढल्याचे रिपोर्टात आले, तर पुढे काय करावे

महाराष्ट्रात पावसाळा सुरू झाला की ‘प्लेटलेट’ (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) हा शब्द घरोघरी ऐकू येतो, पण तो नेहमी एकाच अर्थाने: डेंग्यूच्या तापात त्या किती उतरल्या, आज किती आहेत, उद्या पुन्हा तपासायच्या का. त्यामुळे त्या वाढलेल्या दिसल्या की अनेकांना आधी बरेच वाटते, आणि आकड्याशेजारचे ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) हे अक्षर दिसले की मग धास्ती बसते. माझा स्वतःचा आकडा गेली नऊ वर्षे वाढलेला आहे. या काळात मला उमगलेली मुख्य गोष्ट ही, की प्लेटलेट किती वाढल्या यापेक्षा त्या कशामुळे वाढल्या यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते.

तरीही सुरुवात आकडा नीट वाचण्यापासूनच करावी. काही लॅब ‘६.५ लाख’ असे लिहितात, काही नुसते ‘६५०’ लिहून हजाराचे एकक बारीक अक्षरांत देतात, तर काही ६,५०,००० असा पूर्ण आकडा छापतात. तिन्हींचा अर्थ एकच असतो. लॅब बदलल्यावर साडेसहाचे साडेसहाशे झाले म्हणून रात्री फोन करणारे नातेवाईक मला आहेत. प्रौढ व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असणे सामान्य धरतात. काही लॅब वरची मर्यादा याहून थोडी खाली ठेवतात. एकदाच ४.७ लाख आले आणि त्याच आठवड्यात सर्दी-ताप, दाताचे गळू किंवा एखादी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर लगेच कोणताही निष्कर्ष न काढता डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा करावी. जुने रिपोर्ट घरात असतील तर तेही शोधून काढावेत, कारण तीन वर्षांपूर्वीही आकडा पाच लाखांच्या पुढे होता की तो आताच चढला, हे समजले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

दुसऱ्या वेळी रक्त देताना ‘पेरिफेरल स्मिअर’ करून घेता येईल का, हे विचारावे. मोजणारे यंत्र पुष्कळदा कणांच्या आकारावरून त्यांची जात ठरवते. त्यामुळे लोहाच्या कमतरतेने अगदी लहान झालेल्या लाल पेशी किंवा त्यांचे तुकडे कधीकधी प्लेटलेटमध्ये धरले जातात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून पॅथॉलॉजिस्टने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ही चूक सापडते.

प्लेटलेट अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींपासून सुटून रक्तात येतात, सात ते दहा दिवस जगतात, आणि एकूण प्लेटलेटपैकी सुमारे एक तृतीयांश कोणत्याही वेळी प्लीहेत (पोटातल्या ‘स्प्लीन’मध्ये) साठलेल्या असतात. अपघातामुळे किंवा थॅलेसेमियामुळे प्लीहा काढावी लागलेल्या माणसांचा आकडा वर जातो, तो याच कारणाने.

वाढलेल्या प्लेटलेटच्या बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष मज्जेत नसतो. शरीरात दुसरे काहीतरी चाललेले असते आणि मज्जा त्याला प्रतिसाद देत असते. आपल्याकडे त्यात सर्वांत आधी आठवावे असे कारण म्हणजे लोहाची कमतरता. पाळीत जास्त रक्तस्राव होणारी चाळिशीची बाई, हिमोग्लोबिन ८.९, लाल पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही ६८ आणि प्लेटलेट ६.२ लाख, असा रिपोर्ट समोर आला तर प्लेटलेटच्या ओळीकडे पाहत बसण्याऐवजी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासून घ्यावे. मात्र शरीरात दाह असेल तर लोह कमी असूनही फेरिटिन सामान्य दिसू शकते, म्हणून दाह दाखवणारी सीआरपी किंवा ईएसआर ही तपासणी सोबत पाहणे शहाणपणाचे असते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहा लोहाचे शोषण कमी करतो. पुरेसे लोह मिळाले की हिमोग्लोबिन चढते आणि प्लेटलेट आपोआप खाली येतात. गोळ्या सुरू झाल्या म्हणजे काम संपले असेही नाही, कारण लोह गेले कुठे हा प्रश्न उरतोच. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून तो सोडून देणे मला धोक्याचे वाटते. तिथे पोट आणि आतडे तपासायला हवे.

क्षयरोग, इतर जंतुसंसर्ग, संधिवात, आतड्याचा जुनाट दाह आणि नुकताच झालेला रक्तस्राव यांनीही आकडा वाढतो. डेंग्यूतून उठल्यावर किंवा बी-१२चे उपचार सुरू झाल्यावर घसरलेल्या प्लेटलेट काही दिवस सामान्य मर्यादेच्याही वर उसळतात आणि मग स्थिरावतात. चाळिशीनंतर आकडा वाढलेलाच राहिला, कारण सापडले नाही, शिवाय वजन घटत असेल किंवा खोकला हटत नसेल, तर फुफ्फुसाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता तपासून दूर करावी लागते. अशा प्रतिसादात्मक वाढीत उपचार मूळ कारणावर होतात, आणि नुसत्या आकड्यासाठी सहसा वेगळे औषध लागत नाही.

दोन-तीन महिने आकडा चढाच राहिला आणि वरीलपैकी काही सापडले नाही, प्लीहा वाढलेली लागली, किंवा तरुण वयात विनाकारण रक्ताची गुठळी झाली, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जावे. तिथे ज्या आजाराचा विचार होतो त्याचे नाव इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया, व्यवहारात ‘ईटी’. मलाही तोच आहे. त्यात मज्जेतली एक मूळ पेशी बदलते आणि गरज नसताना प्लेटलेट तयार करवत राहते. जॅक-२ या जनुकातला बदल २००५ मध्ये उजेडात आला आणि तो ईटीच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आढळतो. कॅलआर जनुकातला बदल २०१३ मध्ये कळला, आणि एमपीएलमधला बदल थोड्यांतच दिसतो. काहींमध्ये तिन्ही तपासण्या नकारात्मक येतात, तरी आजार असू शकतो. बीसीआर-एबीएल ही तपासणीही टाळू नये, कारण एका प्रकारचा दीर्घकालीन रक्ताचा कर्करोग कधीकधी केवळ वाढलेल्या प्लेटलेटच्या रूपात समोर येतो आणि त्याचे औषध पूर्णपणे वेगळे आहे. मज्जेची तपासणी कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून केली जाते; सुई टोचल्याचे फारसे वाटत नाही, पण मज्जा ओढताना क्षणभर आतून जी कळ उठते तिची कल्पना आधी दिलेली बरी.

‘मग हा कर्करोग आहे का?’ हा प्रश्न घरचे दबक्या आवाजात विचारतात. वर्गीकरणात ईटीची गणना रक्तपेशींच्या अनियंत्रित वाढीच्या आजारांत होते, म्हणून काही डॉक्टर तो शब्द वापरतात. पण तो सहसा अतिशय संथ असतो आणि बरेच रुग्ण दशकानुदशके आपापली कामे करीत जगतात. थोड्या रुग्णांत पुढे मज्जा तंतुमय होते किंवा तीव्र रक्तकर्करोग होतो, म्हणून बरे वाटत असले तरी तपासण्या सोडू नयेत.

आता नवख्या रुग्णाला पटायला सर्वांत कठीण जाते ती गोष्ट. सात लाखवाल्यापेक्षा बारा लाखवाल्याला गुठळीचा धोका जास्त, असे सरळ गणित नाही. वय साठीच्या पुढे असणे, पूर्वी गुठळी झालेली असणे, जॅक-२ बदल, आणि त्यांच्या जोडीला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, यांवरून धोका ठरतो. उलट आकडा दहा लाखांच्या फार पुढे गेला तर रक्तस्रावाची भीती वाढते, कारण रक्त गोठवायला लागणारा व्हॉन विलेब्रँड हा घटक इतक्या प्लेटलेटच्या गर्दीत कमी पडू लागतो. म्हणूनच ‘रक्त पातळ राहील’ असे म्हणत स्वतःहून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये.

कमी धोक्याच्या रुग्णाला नुसती देखरेख किंवा अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा पुरते. धोका जास्त असेल तर बहुधा प्लेटलेट कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया देतात. त्याने तोंडात फोड येणे, नखे काळवंडणे, क्वचित पायाला न भरणारी जखम होणे संभवते, आणि उन्हापासून त्वचा जपावी लागते. प्लेटलेट कमी करणारे दुसरे औषध अ‍ॅनाग्रेलाइड, त्याने डोके दुखते व धडधडते. मूल हवे असणाऱ्यांनी, मग ती स्त्री असो वा पुरुष, हे आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण हायड्रॉक्सीयुरिया गर्भधारणेत चालत नाही आणि अशा वेळी इंटरफेरॉन या वेगळ्या औषधाचा विचार होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रोजच्या जगण्यात मला सर्वांत आधी जाणवलेले लक्षण म्हणजे रात्री तळपाय लालबुंद होऊन पेटल्यासारखे होणे. शहाबादी फरशीवर पाय टेकवले की बरे वाटायचे. उन्हाळा समजून मी ते वर्षभर अंगावर काढले, आणि लहान मात्रेतल्या अ‍ॅस्पिरिनने ते दोन दिवसांत ओसरले. आहाराने ईटीतल्या प्लेटलेट कमी होत नाहीत. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस देतात म्हणून पिकलेली पपई सोडण्याचेही कारण नाही. रस मात्र आपल्याला नको. लांबच्या प्रवासात पाणी पिणे आणि मधूनमधून पाय मोकळे करणे, तंबाखू बंद करणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, यांचा उपयोग कोणत्याही काढ्यापेक्षा जास्त आहे.

आणखी एक फसवा रिपोर्ट ठाऊक असावा. नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामुळे प्लेटलेट फार असल्या की पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. माझे एकदा ६.१ आले, ईसीजीसाठी धावपळ झाली, आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजल्यावर ते ४.३ निघाले.

एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा रक्त न थांबणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. एकच पोटरी सुजून दुखू लागली तरी त्याच दिवशी दाखवावे. दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आजार आणि औषधे सांगावीत, आणि अ‍ॅस्पिरिन थांबवायचे की नाही हे रक्तविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे. यासाठी मी पाकिटात एक छोटे कार्ड ठेवतो. त्यावर आजाराचे नाव, जॅक-२ बदल असल्याची नोंद, औषधांच्या मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर शाईने लिहिला आहे. शेवटचा आकडा आणि तारीख तेवढी पेन्सिलने, कारण ती दर तीन महिन्यांनी खोडावी लागते.