औषधाला न जुमानणाऱ्या यकृत-कर्कपेशींवर वनस्पतिज संयुगाची चाचणी कशी आखावी

वडोदऱ्यात जैवरसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांना प्रकल्पासाठी कर्क्युमिन हे हळदीतील संयुग हमखास सुचते, कारण हळद घरातलीच असते आणि सोराफेनिब या यकृताच्या कर्करोगावरील औषधाला न जुमानणाऱ्या यकृताच्या कर्कपेशी कर्क्युमिनमुळे पुन्हा औषधाला बळी पडतात असे सांगणारे शोधनिबंधही पुष्कळ आहेत. प्रयोगाआधी प्रश्न मात्र नेमका करावा: संयुग स्वतःच पेशी मारते, की औषधाचा हरवलेला परिणाम परत आणते?

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवता येतात. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या यकृतपेशींच्या वाणांत हेप-जी-२ सर्वांत प्रचलित असली, तरी तिचे मूळ बालकांमध्ये आढळणाऱ्या हेपॅटोब्लास्टोमा या यकृताच्या कर्करोगात असल्याचे आता मानले जाते, म्हणून जोडीला प्रौढाच्या यकृत-कर्करोगातून आलेली ह्युह-७ घ्यावी. सोराफेनिबची मात्रा काही महिने हळूहळू वाढवत नेली की प्रतिकारक्षम पेशी तयार होतात. त्यांच्यासोबत मूळ पेशीही जपाव्यात आणि दोन्हींची मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत वाढणारे सूक्ष्म जिवाणू) चाचणी करून घ्यावी.

खंडेराव मार्केटमधली हळद येथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात कर्क्युमिन जेमतेम काही टक्के असते. शुद्धतेचा दाखला असलेले संयुग डीएमएसओ या द्रावकात विरघळवून अंधारात ठेवावे आणि नियंत्रण गटातही तितकेच डीएमएसओ घालावे. सीरम (रक्तद्रव) नसलेल्या पेशी वाढवण्याच्या माध्यमात शरीराच्या तापमानाला कर्क्युमिनचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे वेळापत्रक आखताना विसरू नये.

खरी कसोटी तुलनेत आहे. संयुग एकटे दिल्यावर जेमतेम पेशी मरतील इतकीच मात्रा निवडावी आणि मूळ व प्रतिकारक्षम अशा दोन्ही पेशींवर औषध एकटे, संयुग एकटे, दोन्ही एकत्र आणि केवळ द्रावक असे गट ठेवावेत. समजा, निम्म्या पेशी मारण्यास मूळ पेशींना सोराफेनिब ४ मायक्रोमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) लागते आणि प्रतिकारक्षम पेशींना २०. संयुगासोबत हे आकडे ४ आणि ६ झाले तर प्रतिकार खरोखर ढासळला; पण २ आणि १० झाले तर गुणोत्तर पूर्वीइतकेच पाचपट राहिले, म्हणजे केवळ एकूण विषारीपणा वाढला. माझ्या मते मूळ पेशींचा स्तंभ नसलेला आलेख, कितीही देखणा असला तरी, या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

जिवंत पेशी मोजताना केवळ एमटीटीवर (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या रसायनावर) विसंबू नये, कारण कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिनसारखी वनस्पतिज संयुगे पेशी नसतानाही त्या रसायनाचा रंग बदलू शकतात. पेशीविरहित कप्पे ठेवावेत आणि पेशींतील प्रथिने रंगवून मोजणाऱ्या सल्फोरोडामाइन-बी पद्धतीने पडताळावे. औषध बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीन पंपाची शंका असल्यास ऱ्होडामाइन-१२३ हे चमकणारे रंगद्रव्य वापरून, पंप रोखणाऱ्या व्हेरापामिलला तुलनेसाठी घेऊन, पेशीत किती रंगद्रव्य टिकते ते पाहावे. कर्क्युमिन स्वतःही हिरवट चमकते, म्हणून ऱ्होडामाइनविना एक गट हवाच. सोराफेनिबच्या प्रतिकारामागे ईजीएफआर व पीआय३के-एकेटी हे पेशींच्या वाढीचे संदेशमार्ग आणि स्वभक्षणही (पेशीने स्वतःचेच घटक पचवणे) असू शकते; पंप निर्दोष निघाला तर तिकडे वळावे.

निष्कर्ष लिहिताना मात्रेचा उल्लेख टाळू नये. माणसांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातील कमाल पातळी सुमारे १.८ मायक्रोमोलरच आढळली होती, तर प्रयोगशाळेत सर्रास २० ते ४० वापरतात. ती पातळी वाढवण्यासाठी जोडीला दिले जाणारे मिरीतील पायपरिन हे सीवायपी३ए४ या विकराला रोखते आणि सोराफेनिबचे चयापचय अंशतः त्याच विकरामार्फत होते, त्यामुळे औषधाची रक्तातील पातळीही बदलू शकते. शिवाय हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून नात्यातल्या एखाद्या रुग्णाने प्रकल्पाबद्दल ऐकून गोळ्यांची चौकशी केली, तर त्याला आधी त्याच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारण्यास सांगावे.