स्टेअरिंग सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून परत येताना कळे ओलांडलं आणि मीटरवर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. कोल्हापुरात पहिल्याच गॅरेजमध्ये निकाल मिळाला, "स्टेअरिंग सेन्सर गेलाय, नवीनच टाकावा लागंल." मन मानेना, म्हणून उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "एवढ्यात अलायनमेंट करून घेतलासा का?"

घेतलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी. दुखणं तिथंच होतं.

हा सेन्सर स्टेअरिंगच्या मागे, कॉलमवर बसतो. स्टेअरिंग किती अंश, कुठल्या बाजूला आणि किती वेगाने फिरवलं हे तो ईएसपीच्या, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेच्या, कॉम्प्युटरला कळवतो. गाडी प्रत्यक्षात वळतेय त्याच्याशी हा आकडा जुळला नाही, की ईएसपी स्वतःला बंद करून दिवा लावतो. साधे ब्रेक चालू राहतात, पण ओल्या घाटात सांभाळून घेणारं कुणी उरत नाही. स्टेअरिंग एकदम जड झालं असेल तर संशय पॉवर स्टेअरिंगवर घ्या. त्यातला टॉर्क सेन्सर, म्हणजे हाताचा जोर मोजणारा, वेगळा.

आधी चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी चालवा. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग तिरकं राहत असेल, तर आधी अलायनमेंट नीट करून घ्या. त्यानंतर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. कमजोर बॅटरीमुळे असले दिवे उगाच लागतात.

आता स्कॅनर. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं. इथे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टेअरिंगचे मॉड्यूल, म्हणजे त्यांचे छोटे कॉम्प्युटर, वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी लिहून घ्या. सी००५१ म्हणजे स्टेअरिंगच्या स्थितीच्या सर्किटमध्ये बिघाड, यू०१२६ म्हणजे सेन्सरच्या मॉड्यूलशी संपर्क तुटलेला. दुसरा आला तर फ्यूज आणि वायरिंगपासून सुरुवात करा.

खरी गोष्ट लाइव्ह डेटात, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत, कळते. चाकं सरळ ठेवून स्क्रीनवरचा कोन बघा, तो शून्याच्या आसपास हवा. माझ्या गाडीत उणे नऊ दिसत होता. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा सलग चढत-उतरत असेल तर सेन्सर ठणठणीत आहे, फक्त त्याचं शून्य हललंय. आकडा मध्येच उडी मारत असेल किंवा एका जागी गोठत असेल, तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

वायर तपासायची तर कपलरपासून, म्हणजे वायरींच्या प्लगसारख्या जोडापासून. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात राहिलेली गाडी सेकंडहँड घेतली असेल तर इथे जास्त वेळ घालवा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा निघून जातो. शेताच्या कडेला गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा.

शून्य हललं असेल तर स्कॅनरने कॅलिब्रेशन करतात, म्हणजे ते पुन्हा जागेवर आणतात: गाडी सपाट जागी, चाकं सरळ, बॅटरी भरलेली. काही मॉडेलमध्ये स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून थोडं सरळ चालवलं की गाडी स्वतःच शिकते. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्येच बघा, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

सेन्सर खरोखरच गेला असेल तर तो बदलायला स्टेअरिंग उतरवावं लागतं, आणि स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असते. हे काम घरी करू नका. मिस्त्रींनीही बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावता कामा नये. हॉर्न वाजत नसेल आणि एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टेअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटली असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच गाड्यांत ती आणि सेन्सर एकाच भागात येतात. बसवताना ती मधोमध नसली तर पहिल्याच पूर्ण वळणावर नवी पट्टी तुटू शकते. नवा भाग बसवल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या आणि स्क्रीनवरचं शून्य स्वतः बघून मगच पैसे द्या.