गेमच्या मधे उठायचं कसं : माझा अनुभव

गजर लावून गेममधून उठा, असं सांगणाऱ्यांनी बीजीएमआयसारख्या मोबाइल शूटिंग गेमची रँक्ड मॅच, म्हणजे जिच्यावर रँक ठरते ती, कधी खेळलेली नसावी. गजर वाजतो तेव्हा झोन, म्हणजे मॅचमधला सुरक्षित गोल, आवळत आलेला असतो, कानात टीममेट ओरडत असतो. कोण उठणार? म्हणून मी घड्याळ सोडून मॅच मोजायला लागलो. बीजीएमआयची एरंगेल या नकाशावरची मॅच साधारण अर्ध्या तासाची. ती संपून लॉबी, म्हणजे गेमची सुरुवातीची स्क्रीन, आली की फोन चार्जरला, आणि चार्जर मुद्दाम स्वयंपाकघरात, ओट्याजवळ. तिथे गेलं की पाणी पिऊन होतं, शिवाय आई सोडत नाही: "आलाच आहेस तर दळण घेऊन ये."

डोळ्यांची जळजळ मात्र तेवढ्याने थांबेना. स्क्रीनवर टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. त्यावर २०-२०-२०: दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं. मॅचमध्ये ते जमत नाही, मग दळण ठेवून गच्चीवर. नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून पांडवलेण्यांचा डोंगर समोरच दिसतो.

स्क्वॉडला, म्हणजे माझ्या टीमला, मॅचनंतर थांबायला पटवणं सगळ्यात अवघड. आता सगळे थांबतात, एक सोडून. तो तेवढ्यात सोलो खेळतो आणि रँक घालवून बसतो.