थेंब खाली, गळती वर : जुन्या सहा सिलिंडर एसयूव्हीच्या तेलगळतीत या चुका टाळा

माझी व्ही-सिक्स डिझेल एसयूव्ही 2011 सालची. एरवी डिचोली-म्हापसा-पणजी, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव, एवढंच तिचं काम. तीन पावसाळ्यांपूर्वी पोर्चच्या लादीवर रोज सकाळी काळे थेंब दिसायला लागले, अगदी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली, मेकॅनिकने खालून बॅटरी मारली आणि लगेच सांगितलं, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवला, सील बदललं, पैसे मोजले. महिन्याभरात लादीवर पुन्हा तसेच थेंब.

गळत होतं ते इंजिनच्या माथ्यावर. काही व्ही-सिक्स डिझेल इंजिनांत ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारा भाग, सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेला असतो, त्याच्यावर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) आणि टर्बो. कूलरखालच्या रबरी रिंगा वर्षानुवर्षं भाजून कडक होतात. मग तेल खाचेत साचतं, हळूहळू मागे सरकतं, बेल हाउसिंगवरून (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या आवरणावरून) उतरतं आणि बरोबर मागच्या सीलच्या जागी ठिपकतं. रिंगा स्वस्त असतात, पण तिथवर पोहोचायला मॅनिफोल्ड आणि टर्बो काढावा लागतो. खर्च सगळा मजुरीचा.

थेंब पडतो तिथेच गळती धरू नका

सगळ्यात महाग चूक हीच. तेल उतारावरून वाहतं, आणि गाडी धावताना वारा ते मागे लोटतो. म्हणून पुढच्या टोकाची गळतीसुद्धा मागे दिसते. आपल्याकडे त्यात लाल मातीची भर. खाणपट्ट्यातून रोज ये-जा असेल, तर तेलावर धूळ बसून असा थर होतो की सगळं इंजिनच गळतंय असं वाटावं.

आधी इंजिन धुवून घ्या. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारायचा, अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाकायचे, पाण्याचा जोर कमी ठेवायचा. नीट वाळलं की संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, वीस-तीस किलोमीटर गाडी फिरवा आणि वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात उंचावर ओली झाली, तिथे गळती. जागा अडचणीची असेल तर तेलात यूव्ही डाय घालून अतिनील टॉर्चने बघता येतं. गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीपुढे हा खर्च काहीच नाही.

थेंब कशाचा आहे तेही आधी ठरवा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरा. डिझेलचं इंजिन ऑइल काळं असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तांबूस, जुनं झालं की तपकिरी. डिफरन्शियलच्या (चाकांच्या दांड्यांमधल्या गिअरपेटीच्या) तेलाला गंधकाचा उग्र वास येतो. आणि समोरच्या डाव्या-उजव्या बाजूला स्वच्छ पाणी दिसलं तर घाबरू नका, ते एसीचं. गोव्याच्या दमट हवेत ते भरपूर पडतं.

ब्रीदर न बघता पॅकिंग बदलू नका

पॅकिंग नवं, सील नवं, तरी सहा महिन्यांत परत गळती. असं झालं की मेकॅनिक पार्टला दोष देतो आणि मालक मेकॅनिकला. पुष्कळदा दोघंही चुकलेले असतात. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो, आणि तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती चिखलट तेलाने तुंबली की आतला दाब वाढतो आणि जो जोड सगळ्यात दुबळा, तिथून तेल बाहेर ढकललं जातं. एक जोड पक्का केला की दुसरा सुटतो.

इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा. डिझेलमध्ये थोडी वाफ येणारच, पण झाकण थडथड नाचत असेल तर ब्रीदर तपासा. तो साफ असूनही दाब असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या असतील. मग कॉम्प्रेशन तपासून घ्या. पेट्रोल इंजिनात उलट झाकण आत ओढलं जाऊन निघेनासं झालं, सोबत शिट्टीसारखा आवाज आला, तर ब्रीदरचा पडदा फाटलेला असतो.

माझ्या गाडीत याचंच आणखी एक रूप निघालं. ब्रीदरची तेलकट वाफ जिथे टर्बोच्या तोंडाशी जाते, तिथलं छोटं सील गेलं होतं. तेल नेमकं खालच्या इनटेक फ्लॅपच्या (आत जाणारी हवा वळवणाऱ्या झडपेच्या) मोटरवर ठिपकत होतं. मोटर मेली, चेक इंजिनचा दिवा लागला, गाडीची ताकद गेली. नुसती मोटर बदलली असती तर नवीही तशीच मेली असती. टर्बो काढून ऑइल कूलरचं काम करताय, तर हे सीलही त्याच वेळी बदलून घ्या. जुन्या गाडीत मी मजुरीचा हिशेब असाच धरतो: एवढं उघडलंच आहे, तर आत हाताला येणारं सगळं रबर नवं.

सिलिकॉनचा थर आणि पान्याची ताकद

रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन लागत नाही. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात, त्या कोपऱ्यांवर बारीक ठिपका पुरतो. जास्त लावलं की दाबून आत गेलेले तुकडे तुटतात आणि चेंबरमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतल्या) जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. जुनं पॅकिंग खरवडताना ग्राइंडरची एमरी चकती अजिबात लावू देऊ नका. तिचे कण इंजिनात शिरले तर तेही बेअरिंगच खातात. प्लास्टिकची पट्टी, क्लीनर आणि सबुरी, एवढंच वापरा.

बोल्टचंही तसंच. पुष्कळ इंजिनांत हेड कव्हरचे बोल्ट फक्त 8 ते 10 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. म्हणजे मनगटाच्या जोराइतकंच. गळतंय म्हणून आणखी पिळलं की प्लास्टिकचं कव्हर तडकतं किंवा हेडमधले आटे जातात. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घाला.

पावसाळ्याआधी खाली जुनं ऑइल मारू नका

गंज लागू नये म्हणून मे महिन्यात गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल फवारून घ्यायची सवय आपल्याकडे फार जुनी. काळजी खरी आहे, खारी हवा आणि फेरीच्या धक्क्यावरचं मचूळ पाणी चेंबरचा पत्रा खातंच. पण त्या फवाऱ्याने सस्पेन्शनचे बुश आणि इंजिन माउंटचं रबर फुगतं, आणि पुढे सहा महिने खरी गळती कुठली हे कुणालाच ओळखता येत नाही. गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुवा आणि रबराला न बाधणारं अँटीरस्ट मारा.

घट्ट तेल भरून गळती थांबवायचा सल्लाही ऐकू नका. ग्रेड कंपनीने दिलेलाच ठेवा, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचंच तेल. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका. तेल न भरता पातळी आपोआप चढत असेल, तर ते गळतीपेक्षाही वाईट. गावातल्या गावात फिरून डीपीएफमधली काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं आणि डिझेल तेलात उतरतं. डिपस्टिक हुंगून बघा. डिझेलचा वास आला तर तेल बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. बंद उभ्या गाडीच्या सीलनाही त्याचा फायदा होतो.

ओल आणि धार यांत फरक करा

पंधरा वर्षांच्या इंजिनावर जोडाभोवती ओल असणं हा आजार नव्हे. ती बघत राहायची. पण हेड कव्हरमधून तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून जळका वास येत असेल तर गाडी चालवू नका, आग लागू शकते. बेल्टवर तेल येत असेल तरीही थांबा. आणि सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या खड्ड्यात तेल भरलं, तर प्लगला वीज देणारी कॉइल बदलण्याआधी हेड कव्हरचं पॅकिंग बदला.

माझ्या इंजिनाच्या उजव्या हेड कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात आता बोटभर ओल आहे. जूनमध्ये पुसून फोटो काढून ठेवलाय. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की पुन्हा पुसून बघेन, आणि ओल दोन बोटं झाली असेल तर पॅकिंग मागवेन.