एपोनाच्या सणाला या चुका टाळा

डिसेंबर लागला की गॉलिश, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या परिसरातल्या केल्टिक लोकांच्या, देवधर्माकडे नव्याने वळलेली मंडळी घाईला येतात. फ्रान्समध्ये आम्ही काही जण मिळून घोड्यांची देवी एपोना हिचा हा हिवाळी सण करतो. दरवर्षी कोणीतरी नवं येतं आणि त्याच चुका करतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पहिली चूक तारखेची. ‘21 डिसेंबर, म्हणजे यूल’ असं धरून चालू नका. यूल जर्मानिक लोकांचा सण, आणि आधुनिक पेगन लोक पाळतात ते, यूल ज्यात येतो ते, वर्षाचं आठ सणांचं चक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जुळवलेलं. गॉलच्या देवीची लेखी तारीख हवी तर ती आहे: उत्तर इटलीत ग्विदित्सोलोला सापडलेल्या रोमनकालीन पंचांगात 18 डिसेंबर हा एपोनाचा दिवस दिला आहे. आम्हाला तेवढं पुरतं.

फ्रान्समधल्या कोलिन्यीचं गॉलिश पंचांग वेगळं. 1897 साली सापडलेले त्याचे कांस्याचे तुकडे ल्योंच्या संग्रहालयात आहेत. पाच वर्षांचे 62 महिने, त्यातले दोन अधिक. आपल्याकडे अधिक मास पाळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यातल्या रिउरोस महिन्यात ‘देवोरिवो’ अशी नोंद आहे आणि बरेच जण हिवाळी सण त्यावर बेततात. पण वर्ष उन्हाळ्यात सुरू होतं की हिवाळ्यात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे ऑनलाइन कॅल्क्युलेटर बटण दाबताच तारीख देतो तेव्हा त्याच्यामागे कोणीतरी आधीच एक बाजू घेतलेली असते. ती कोणती, हे न बघता तारीख उचलू नका. आमच्या गटाने एक गणित ठरवून वहीत लिहून ठेवलंय. सोयीचा शनिवार मिळावा म्हणून आम्ही ते बदलत नाही.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. एका वर्षी ओळखीच्या पागेत सणाची तयारी होती. उत्साही नव्या मुलाने घरून हिरवी माळ करून आणली आणि घोडीच्या अर्ध्या दारावर बांधली. चपट्या, गर्द हिरव्या सुया, मधूनमधून पेल्यासारखी लाल फळं. ती यू नावाच्या विषारी झाडाची होती, फ्रेंचमध्ये ज्याला इफ म्हणतात. घोडीने मान लांब केली होती आणि ओठ माळेला लागायला वीतभर अंतर उरलं होतं. मोतद्दाराने धावत येऊन माळ ओढून काढली, मग आम्ही पेंढ्यात पडलेली सुई न सुई वेचली. यूचा थोडा पाला पोटात गेला तरी घोड्याचं हृदय बंद पडतं, त्यावर उतारा नाही, आणि वाळल्यावरही विष जात नाही. मुलाचं म्हणणं, हे झाड गॉलमध्ये पवित्र होतं. असेल! गॉलमधल्या एब्युरोन टोळीचा राजा कातुवोल्कस यूचंच विष घेऊन मेला, हे सीझरने लिहून ठेवलंय. तेवढं वाचायला सवड नसेल तर पागेत पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पागेत मी कुठलीच फांदी नेत नाही. रोमन लेखक अपुलेयसने दुसऱ्या शतकात तबेल्यातल्या एपोनाच्या मूर्तीला गुलाबांच्या माळा घातल्याचं लिहिलंय. मी गुलाब घरच्या तसबिरीलाच वाहते. तसबीर निवडताना देवी घोडीवर एका अंगाने बसलेली, शेजारी शिंगरू, मांडीवर फळं किंवा हातात ताटली, एवढं बघून घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात:

मिसल्टोची, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाची, फळं विषारी असतात. रोमन लेखक प्लिनीने त्याच्या पेयाची थोरवी लिहिली म्हणून त्याचा काढा करून कोणालाही पाजू नका. ओकवरचं मिसल्टो दुर्मिळ असतं, त्याच्यापायी झाडावर चढू नका.

दाग्दा आणि ब्रिगिद हे देव-देवी आयर्लंडचे. त्यांना गॉलच्या पूजेत ओढू नका.

पेंढ्याजवळ मेणबत्ती नको. पागेत बॅटरीवरचा दिवा लावा.

घोड्याला सफरचंद मालकाला विचारूनच द्या. काहींना साखर बाधते, खूर सुजतात. नाही म्हणाले तर सफरचंद घरी आणून तसबिरीपुढे ठेवा.