कुठल्या वयाचे लोक कुठल्या क्षेत्रात कामाला आहेत, टेबल स्वतः कसा काढायचा

"तरुण शेती सोडतायत" वगैरे व्हॉट्सॅपवर रोज येतं, पण हे घरबसल्या आणि फुकटात तपासता येतं. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय २०१७ पासून पीएलएफएस नावाचा रोजगार-बेरोजगारीचा सर्वे करतंय आणि त्यातला एकेका माणसाचा डेटा, नावं वगळून, त्यांच्या मायक्रोडेटा पोर्टलवर अकाउंट उघडलं की डाउनलोड होतो. सोबतची लेआउटची फाइल पण घ्या, नाहीतर कुठला कॉलम कशाचा तेच कळणार नाही.

महाराष्ट्र हवा असेल तर राज्य कोड २७ फिल्टर करा. मग स्टेटस कोड, म्हणजे माणूस काय करतो त्याचा आकडा, बघा, ११ ते ५१ म्हणजे कामावर, ८१ म्हणजे काम शोधतोय, ९१ विद्यार्थी, ९२ घरकाम. आपल्याला ११ ते ५१ वालेच पाहिजेत. त्यांच्या उद्योग कोडचे पहिले दोन आकडे घ्या: ०१ ते ०३ शेती, मासेमारी वगैरे, १० ते ३३ कारखानदारी, ४१ ते ४३ बांधकाम, ४५ ते ४७ व्यापार.

सरकारी रिपोर्टमधला १५-२९ हा गट मला पटत नाही, त्यात कॉलेजातलं पोरगं आणि दोन लेकरांचा बाप एकत्र येतात. १५-२४, २५-३४, ३५-४४, ४५-५९ असे तुकडे पाडा आणि ६० च्या पुढचे वेगळे ठेवा, कारण सरकारी नोकरी ५८-६० ला संपते पण शेतीला रिटायरमेंट नाही, त्यामुळे त्या गटात शेतीचा वाटा फुगतोच.

आता एक्सेलमधला पिव्होट टेबल, म्हणजे एका बाजूला वय आणि दुसऱ्या बाजूला क्षेत्र. नुसती डोकी मोजू नका, मल्टिप्लायरच्या (सर्वेतला एक माणूस प्रत्यक्षात किती जणांच्या वतीने धरायचा तो आकडा) कॉलमची बेरीज घ्या (त्याला कशाने भागायचं ते डेटासोबतच्या रीडमी फाइलमध्ये असतं). आणि टक्केवारी कुठल्या बाजूने काढताय ते आधी ठरवा, "तरुण कामगारांपैकी किती शेतीत" आणि "शेतीतल्यांपैकी किती तरुण" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, बातम्यांमध्ये सर्रास घोळ होतो तो इथेच. शिकणारी पोरं यात मुळात नाहीतच हेही विसरू नका.

अजून एक, उद्योग कोड धंद्याचा असतो, माणसाच्या कामाचा नाही, म्हणजे हॉस्पिटलच्या पगारावरचा ड्रायव्हर आरोग्यात मोजला जातो आणि आयटी पार्कच्या गेटवरचा एजन्सीचा गार्ड ८० (सुरक्षा सेवा) मध्ये, आयटीत नाही. एखाद्या चौकटीत दहावीस माणसंच निघाली तर ती टक्केवारी छापू नका, शेजारचे दोन गट जोडून परत काढा.